दाम, काम आणि खाल्ल्या मिठाची जाण

आपल्या भाषेत कामाविषयी दोन वचने शेजारी शेजारी नांदत आली आहेत. ‘दाम करी काम’ हे एक आणि ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ हे दुसरे. पहिले बाजारातले आहे. पैसा टाकला की काम होते, न टाकला तर होत नाही, आणि त्यापलीकडे देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा काही संबंध उरत नाही, असा त्याचा अर्थ. दुसरे घरातले आहे. ज्याने आपल्याला चांगले वागवले त्याचे देणे केवळ हिशेबाने फिटत नाही, असे ते सांगते. गंमत अशी की ही दोन्ही वचने आपण एकाच दिवसात, एकाच तोंडाने वापरतो. घरकामाच्या बाईने पगार वाढवून मागितला की तिला दुसरे ऐकवतो आणि कचेरीत आपली स्वतःची पगारवाढ अडली की मनाशी पहिले म्हणतो.

या दोहोंपैकी खरे कोणते? पगार वाढवला म्हणजे काम वाढते काय? वाढत असेल तर ते पैशाच्या लोभाने, नोकरी जाण्याच्या भीतीने, की परतफेडीच्या भावनेने? हा प्रश्न केवळ कारखानदारांचा नव्हे. ज्यांच्या घरी मोलकरीण येते, ज्यांच्या दुकानात दोन नोकर आहेत, ज्यांच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदार बसतो आणि जे स्वतः कोठेतरी महिन्याच्या पगारावर काम करतात, त्या सर्वांचा, म्हणजे बहुतेक आपणा सर्वांचाच, तो प्रश्न आहे.

विकत काय मिळते?

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपण दुकानातून एक किलो साखर घेतो तेव्हा किती साखर मिळणार हे आधी ठरलेले असते. माणसाला कामावर ठेवतो तेव्हा तसे नसते. त्याचे आठ तास आपल्याला मिळतात. त्या आठ तासांत तो किती मन घालील हे मात्र कोणत्याही कराराच्या कागदावर लिहिता येत नाही. शिक्षकाने तास घ्यावा असे लिहिता येते. मागच्या बाकावरच्या मुलाला समजले की नाही याची त्याने काळजी करावी असे लिहून घेता येत नाही. परिचारिकेने ठरल्या वेळी औषध द्यावे असे लिहिता येते. रोग्याचा चेहरा पाहून वेळीच डॉक्टरांना बोलवावे ही सावधगिरी कागदावर उतरत नाही. ‘पाट्या टाकणे’ आणि ‘जीव ओतून काम करणे’ या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते कराराच्या बाहेरचे आहे. आमच्या आजच्या विषयाचा सारा गाभा या अंतरात आहे.

पाच डॉलरचा दिवस

या बाबतीत इतिहासातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील मोटार-कारखानदार हेन्री फोर्ड यांचे. मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ हायलंड पार्क येथे त्यांचा कारखाना होता. १९१३ साली तेथे सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्याची पद्धत सुरू झाली. मोटारीचा सांगाडा जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम काही महिन्यांत सुमारे दीड तासावर आले. यंत्राने आपली करामत दाखवली, परंतु माणसे टिकेनात. दिवसभर एकाच जागी उभे राहून तोच एक खिळा वा तीच एक चाकी बसवत राहणे लोकांना असह्य होई. १९१३ या एका वर्षात कामगार बदलण्याचे प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले. म्हणजे सुमारे चौदा हजार माणसे कामावर राहावीत म्हणून वर्षाला पन्नास हजारांवर माणसे नव्याने भरती करावी लागली. शिवाय रोज दर दहांतला एक गडी गैरहजर असे.

५ जानेवारी १९१४ रोजी फोर्ड कंपनीने जाहीर केले की, यापुढे दिवस नऊऐवजी आठ तासांचा राहील आणि रोज पाच डॉलर मिळतील. तोपर्यंतची मजुरी सुमारे २ डॉलर ३४ सेंट होती, म्हणजे ती एकदम दुपटीवर गेली. कारखान्याच्या दाराशी हजारो बेकारांची झुंबड उडाली आणि ऐन हिवाळ्यात त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडून त्यांना हटवावे लागले. या झुंबडीवरून एक गोष्ट उघड होते. फोर्ड यांना माणसे मिळत नव्हती म्हणून त्यांनी मजुरी वाढवली असे नव्हे. बाजारभावाने माणसे हवी तेवढी मिळत होती. तरीही त्यांनी बाजारभावाच्या दुप्पट दिले.

परिणाम असा झाला की, कामगार बदलण्याचे प्रमाण १९१४ साली ५४ टक्क्यांवर आणि १९१५ साली १६ टक्क्यांवर आले. गैरहजेरी दहा टक्क्यांवरून सुमारे अडीच टक्क्यांवर उतरली. माणशी उत्पादनही वाढले. खर्च कमी करण्याचे जे उपाय आपण योजले त्यांत हा फार उत्तम ठरला, असे पुढे फोर्ड स्वतः म्हणत. मजुरी दुप्पट करणारा मनुष्य तिला काटकसर म्हणतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे, ती लपवणे बरे नव्हे. पाच डॉलरांतला निम्म्याहून अधिक भाग ‘नफ्यातला वाटा’ म्हणून दिला जाई आणि तो मिळण्यास कामगाराचे खाजगी वर्तन कंपनीच्या पसंतीस उतरावे लागे. त्यासाठी एक स्वतंत्र खाते निघाले. त्याचे तपासनीस कामगारांच्या घरी जात आणि घर स्वच्छ आहे काय, दारू पितो काय, पैसे शिल्लक टाकतो काय, याची चौकशी करीत. स्त्रियांना आरंभी या योजनेतून वगळले होते. एका हाताने दिलेले दान दुसऱ्या हाताने माणसाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. दानात असा धोका नेहमीच असतो, त्याकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत.

भीती की परतफेड?

येथे कोणी चतुर वाचक शंका घेईल. दुप्पट पगाराची नोकरी गेली तर पुन्हा मिळायची नाही, या धाकानेच ते कामगार नीट वागले नसतील कशावरून? यात कृतज्ञतेचा प्रश्न येतो कोठे? शंका रास्त आहे. फोर्डच्या कारखान्यात भीती किती आणि परतफेड किती हे वेगळे काढता येत नाही. त्यासाठी भीती नसलेले ठिकाण शोधले पाहिजे.

असे एक ठिकाण जॉर्ज होमन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५४ साली वर्णन केले. एका कंपनीच्या हिशेबखात्यात दहा तरुण मुली ग्राहकांकडून आलेल्या रकमांची नोंद करण्याचे काम करीत. तासाला ३०० नोंदी व्हाव्यात अशी कंपनीची अपेक्षा होती. जी मुलगी यापेक्षा कमी करी तिला सौम्य शब्दांत समज मिळे. जी अधिक करी तिला एक पैसाही अधिक मिळत नसे. सर्वांचा पगार एकच. नुसता हिशेब पाहिला तर प्रत्येकीने ३०० नोंदी करून हात आखडते घ्यावयास हवे होते. प्रत्यक्षात सरासरी निघाली ३५३. म्हणजे सुमारे १८ टक्के काम त्या मुली कंपनीला जणू फुकट देत होत्या.

ते का, याचा उलगडा जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९८२ साली केला. पुढे २००१ साली दुसऱ्या एका संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नोकरी हा केवळ विक्रीचा व्यवहार नसून अंशतः आहेराचा व्यवहार आहे. मालक कमीत कमी देऊन सुटू शकला असता, पण तो थोडे अधिक देतो, मंद काम करणाऱ्या मुलीला लगेच हाकलून देत नाही, थोडे सांभाळून घेतो. कामगारही कमीत कमी करून सुटू शकला असता, पण तो थोडे अधिक करतो. लग्नकार्यातल्या आहेरासारखेच हे आहे. कोणी वहीत नोंद दाखवून मागत नाही, तरी परत करावयाचे असते हे सर्वांना ठाऊक असते. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली दानावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तीन बंधने सांगितली आहेत. अ‍ॅकरलॉफ यांनी ती कारखान्याच्या दारात आणून उभी केली.

हे नुसते तर्कट नाही, याची परीक्षाही झाली आहे. एर्न्स्ट फेर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना मालक आणि काहींना कामगार केले होते. कोणाला कोण भेटले ते कळत नसे आणि पुढे त्यांची गाठही पडायची नव्हती. मालकाने मजुरी ठरवायची, कामगाराने ती घेतल्यावर कष्ट किती करायचे ते ठरवायचे. कमी कष्टाला शिक्षा नाही. शुद्ध स्वार्थी माणसाने पैसे घेऊन कमीत कमी कष्ट करावेत. बहुतेकांनी तसे केले नाही. जितकी मजुरी उदार, तितके कष्ट अधिक, असे दिसून आले. येथे भीती नव्हती, पुढची आशाही नव्हती, होती ती परतफेडच.

पैसा काय बोलतो

मग काय, पगार वाढवावा आणि स्वस्थ बसावे? इतके सोपे असते तर या विषयावर लिहावयास काही उरले नसते. युरी नीझी आणि जॉन लिस्ट यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ग्रंथालयाच्या नोंदी करण्याच्या कामावर तासाला १२ डॉलर कबूल करून बोलावले आणि काहींना आल्यावर अचानक सांगितले की तुम्हाला २० डॉलर मिळतील. पहिले काही तास या भाग्यवंतांनी जोराने काम केले. त्यानंतर त्यांचे काम इतरांच्या बरोबरीला येऊन बसले. वाढीचा आनंद दुपारच्या जेवणापुढे फारसा गेला नाही!

जर्मनीत तीन संशोधकांनी याच धर्तीवर अधिक बारीक तपास केला आणि तो २०१२ साली छापला. ग्रंथालयात तीन तास काम, तासाला १२ युरो. एका गटाला ऐनवेळी ७ युरो रोख अधिक दिले, तर काम जवळजवळ वाढलेच नाही. दुसऱ्या गटाला तेवढ्याच किमतीची थर्मासची बाटली कागदात बांधून भेट दिली, तर काम सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. किंमत सांगितली तरी फरक पडला नाही. पुढे तेच पैसे नोटेची कलाकुसरीने घडी घालून दिले, तेव्हा पैशानेही काम वाढले. म्हणजे प्रश्न बाटलीचा नव्हता. देणाऱ्याने आपल्यासाठी काही वेळ आणि विचार खर्च केला, ही जाणीव परतफेडीस पात्र ठरली.

येथे आम्ही एक इशारा देऊन ठेवतो. हा प्रयोग ऐकून एखादा मालक म्हणेल, ‘ठीक! यंदा पगारवाढीऐवजी दिवाळीला स्टीलचा डबा वाटू.’ त्याने दोन गोष्टी विसरू नयेत. एक, त्या विद्यार्थ्यांना ठरलेली मजुरी पुरेपूर मिळाली होती. भेट तिच्यावर होती, तिच्या जागी नव्हती. दोन, बाटली की पैसे अशी निवड दिली तेव्हा बहुतेकांनी पैसेच घेतले. हे प्रयोगही काही तासांचे होते. संसार मात्र वर्षानुवर्षे चालवावयाचा असतो.

कापलेल्या पगाराची आठवण

वाढीचा आनंद लवकर विरतो, परंतु कपातीचे दुःख विरत नाही, हा या संशोधनातला सर्वांत कटू आणि सर्वांत उपयोगी निष्कर्ष. त्याच संशोधकांनी दुसऱ्या एका प्रयोगात तासाला १५ युरोची अपेक्षा निर्माण केली. आल्यावर काहींना १० सांगितले, काहींना २०. वाढ मिळालेल्यांचे काम वाढले नाही; कपात झालेल्यांचे २० टक्क्यांहून अधिक घटले आणि शेवटपर्यंत घटलेलेच राहिले. परतफेड दोन्ही दिशांनी होते, पण उपकारापेक्षा अपकाराची परतफेड अधिक चोख होते, हे मनुष्यस्वभावाचे सत्य येथे आकड्यांत उतरले.

कपात करणे कधी कधी अटळ असते. तेव्हा काय करावे? जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० साली याचे उत्तर दिले. अमेरिकेतील काही कारखान्यांत काम मिळेनासे झाले म्हणून दहा आठवड्यांपुरता पगार १५ टक्क्यांनी कापला होता. एका कारखान्यात वरिष्ठांनी कामगारांना एकत्र बसवून, आकडे दाखवून, खेद व्यक्त करून आणि प्रश्नांना उत्तरे देत ही गोष्ट सांगितली. दुसऱ्यात चार शब्दांत उरकले. कपात तीच, पण दुसऱ्या कारखान्यात मालाची चोरी फार वाढली, पहिल्यात बरीच कमी वाढली आणि पगार पूर्ववत झाल्यावर ती ओसरली. माणूस पैशाचे नुकसान एक वेळ सोसतो, आपल्याला कस्पटासमान लेखलेले सोसत नाही.

शेजारच्याचे पाकीट

आतापर्यंतचा विचार मालक आणि कामगार या दोघांचा झाला. परंतु कामगार एकटा नसतो. त्याच्या शेजारी दुसरा कामगार असतो. या बाबतीत आपल्याच देशातील एक संशोधन आहे. ओडिशात एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी ३७८ मजुरांना महिनाभराच्या कामावर ठेवले. तिघातिघांचे गट केले. गटातील तिघे एकच वस्तू तयार करीत. काही गटांत तिघांनाही सारखा रोज, काहींत आधीच्या कामाप्रमाणे थोडा कमीजास्त. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: ज्या कामात कोण किती करतो हे डोळ्यांना दिसत नव्हते, तेथे शेजाऱ्याला आपल्यापेक्षा अधिक मिळते हे कळताच काम घटले आणि हजेरी १८ टक्के-बिंदूंनी उतरली. लक्षात घ्या, गैरहजर राहिले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. गरीब माणसे स्वतःची मजुरी बुडवून घरी राहिली! परंतु ज्या कामात शेजारी खरोखर अधिक करतो हे सहज मोजता येत होते, तेथे हा परिणाम दिसला नाही. तात्पर्य, माणसाला फरकाचे वावडे नाही. कारण न कळणाऱ्या फरकाचे आहे.

आज ज्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत एकाच टेबलाशी एक कायम आणि एक कंत्राटी माणूस बसतो, काम तेच पण पगार निराळा, तेथील व्यवस्थापकांनी या ओडिशातील मजुरांचा विचार करावा. कंत्राटी माणसाची अडचण तर दुहेरी आहे. त्याने मिठाला जागावयाचे तरी कोणाच्या? काम एकाचे करतो, पगार दुसरा देतो.

मुंबईचा बोनस

शेवटी आपल्या मुंबईकडे वळू, कारण देणगीचे पुढे काय होते हे तेथील गिरण्यांच्या इतिहासात स्वच्छ दिसते. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत गिरणीमालकांनी काही वर्षे लागोपाठ कामगारांना बोनस दिला. तो साधारण एका महिन्याच्या पगाराइतका असे. मालकांच्या दृष्टीने ती खुषीची देणगी होती. मंदी आली तेव्हा १९२३ सालचा बोनस मिळणार नाही असे त्यांनी जाहीर केले. १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगारांनी काम बंद केले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि कामगारांचा बोनसवर कायद्याने, रूढीने वा न्यायबुद्धीने बजावता येईल असा हक्क नाही, असा तिने निर्वाळा दिला. संप मोडला. परंतु प्रश्न मिटला नाही. दरवर्षी येणारी देणगी घेणाऱ्याच्या संसाराचा भाग होते. दिवाळीचे कपडे, गावी पाठवायची मनिऑर्डर तिच्यावर बेतलेली असते. वर्षानुवर्षांच्या झगड्यानंतर १९६५ साली बोनसचा कायदा झाला. पुढे किमान बोनसाचे प्रमाण ८.३३ टक्के ठरले, म्हणजे बारा महिन्यांच्या पगारात बरोबर एक महिना! चाळीस वर्षांपूर्वी ज्याला देणगी म्हटले होते, तेच माप हक्क होऊन परत आले.

यात मालकांचा तोटा झाला असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. देणगी हक्क बनते हा तिचा स्वभाव आहे आणि तसे होणेच इष्ट आहे. खाल्ल्या मिठाची भाषा आपल्याकडे फार जुनी आहे, पण ती बहुधा मीठ देणाऱ्यांनीच वापरली. बलुतेदाराला, वेठबिगाराला, गिरणीत बदलीवर येणाऱ्या आणि कामासाठी मुकादमाची मर्जी राखणाऱ्या गड्याला ती ऐकवली गेली. फोर्डच्या तपासनीसांनीही तीच वेगळ्या शब्दांत ऐकवली. ज्या मिठाच्या बदल्यात माणसाने मान तुकवावी अशी अपेक्षा असते, ते मीठ नव्हे, तो गळ होय.

तेव्हा आरंभीच्या दोन वचनांविषयी आमचा निवाडा असा. ‘दाम करी काम’ हे खरे, पण दाम हजेरीपुरते काम करतो. त्यापुढचे काम, ज्यावर शाळा, रुग्णालये, गिरण्या आणि संसार खरोखर चालतात, ते माणूस आपण होऊन देतो. ज्या ठिकाणी आपल्याला रास्त वागवले जाते तेथेच तो ते देतो. रास्त वागणूक म्हणजे ठरलेला पगार ठरल्या दिवशी. फरक असेल तर त्याचे उघड कारण. कपात अटळ असेल तर समोर बसून सांगण्याचे धैर्य. आणि या सर्वांवर, जमेल तेव्हा, विचारपूर्वक केलेले थोडे अधिक. यांतील शेवटचे आधीच्या तिहींची जागा घेऊ शकत नाही.

उद्या सकाळी घरकामाची बाई दोन दिवसांची रजा मागेल, तेव्हा तिचा पगार कापावा की नाही याचा विचार करताना मिठाचे वचन आठवण्यास हरकत नाही. फक्त या खेपेस ते तिला न ऐकवता स्वतःला ऐकवावे. इतकी वर्षे तिने घासलेली भांडी आणि आपल्या आजारपणात न मागता केलेली पेज, हेही मीठच आहे. आणि ते आपण खाल्लेले आहे.